पळून पोट भरते का?

वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले गाव. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता इथून जातो. रात्रंदिवस ट्रका धावतात. पण पहाटे, उजाडायच्या आधी, रस्त्याच्या कडेने आणखी कोणी धावत असते. ती आपल्याच गावची पोरे. कोणाला पोलिसात जायचे आहे, कोणाला फौजेत.

आमचा साक्षरतेचा वर्ग वडनेरला रात्री भरतो. एका रात्री पाठ संपला. सगळे उठले, पण एक मावशी बसूनच राहिल्या. आम्ही विचारले, "काय मावशी, काही अडले का?"

मावशी म्हणाल्या, "वाचनाचे नाही अडले जी. पोराचे अडले. आमचा पोरगा बारावीत आहे. पायटी चारला उठते अन् पळाले जाते. त्याचा बाप म्हणते, एवढे पळण्यापरीस वावरात दोन तास काम कर. पोरगा म्हणते, मी पळून नाव काढीन. घरात रोज भांडण. आता मले सांगा, पळून का पोट भरते?"

दाराशी उभे असलेले एक काकाजी म्हणाले, "भरते न! फौजेत लागला का भरते."

दुसरे म्हणाले, "दहा पळतात अन् एक लागते. बाकीच्या नवांचे काय?"

प्रश्न खरा होता. आम्हालाही एकदम उत्तर देता येईना. म्हणून आम्ही हा पाठ लिहिला. लांब पल्ल्याचे पळणे हाच ज्याचा धंदा, त्याचे आयुष्य कसे असते, ते यात सांगितले आहे. यातली माणसे खरी आहेत आणि आपल्यासारख्याच खेड्यांतली आहेत.

१. मांडव्याचा अविनाश

बीड जिल्ह्यात आष्टी तालुका आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. त्या तालुक्यातल्या मांडवा गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव अविनाश साबळे.

घरची थोडी शेती. तेवढ्यावर भागत नसे. म्हणून आईबाप वीटभट्टीवर कामाला जात. शाळा घरापासून सुमारे ६ किलोमीटर लांब. गाडीची सोय नव्हती. अविनाश पायी जाई. उशीर झाला की पळत जाई.

आता आपण एक हिशेब करू. जाताना ६ आणि येताना ६, म्हणजे रोजचे १२ किलोमीटर. वर्षात शाळा २०० दिवस भरली असे धरू. १२ गुणिले २०० म्हणजे २४०० किलोमीटर झाले. नागपूरहून दिल्लीला जाऊन परत येण्याइतकी ही वाट. एका वर्षात एवढे चालणे, एवढे पळणे.

पण त्या मुलाला कोणी पळण्याचे शिक्षण देत नव्हते. त्याला शाळा गाठायची होती, एवढेच. आपल्या गावातली किती तरी पोरे अशीच चालत मोठी झाली. ती काही सगळी नामांकित धावपटू झाली नाहीत. तेव्हा नुसत्या गरिबीने किंवा नुसत्या चालण्याने धावपटू घडतो, असे समजू नये. पुढे आणखी पुष्कळ लागते.

अविनाशने बारावी केली आणि तो फौजेत भरती झाला. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत त्याला घेतले. बारावी झाल्यावर, हे ध्यानात ठेवा. तिकडे आपण परत येऊ.

२. बर्फ, वाळू आणि पळणे

फौजेत गेल्या गेल्या त्याला कोणी पळायला लावले नाही. त्याने साध्या शिपायाची नोकरी केली. आधी सियाचिनच्या बर्फात. मग राजस्थानच्या वाळवंटात. पुढे सिक्कीमच्या डोंगरांत. एका ठिकाणी हाडे गोठवणारी थंडी, दुसऱ्या ठिकाणी अंग भाजणारे ऊन.

२०१५ साली त्याने फौजेतल्या फौजेत होणाऱ्या रानपळीच्या शर्यतीत भाग घेतला. रानपळ म्हणजे मैदान सोडून चढ-उतार, माती, गवत यांवरून पळायची लांब शर्यत. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मोठे धावपटू पुष्कळदा लहानपणापासून शिकतात. याची सुरुवात उशिरा झाली.

२०१७ साली अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याला पाहिले. प्रशिक्षक म्हणजे खेळ शिकवणारा गुरू. त्यांनी त्याला अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवले. इंग्रजीत या शर्यतीला स्टीपलचेस म्हणतात.

३. अडथळ्यांची शर्यत म्हणजे काय?

ही शर्यत ३००० मीटरची, म्हणजे ३ किलोमीटरची असते. गोल मैदानावर साडेसात फेऱ्यांच्या आसपास पळावे लागते. वाटेत जाड लाकडी अडसर आडवे ठेवलेले असतात. पुरुषांसाठी त्यांची उंची ३ फूट. बायकांसाठी अडीच फूट. हे अडसर जड असतात. पाय लागला तर ते पडत नाहीत, माणूस पडतो.

असे २८ अडसर ओलांडायचे. शिवाय ७ वेळा पाण्यावरून उडी मारायची. पाण्याच्या जागी आधी अडसर आणि त्याच्यापुढे १२ फूट लांबीचा खड्डा असतो. खड्डा अडसराजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो. ज्याची उडी लांब जाते, त्याला पाणी कमी लागते. ज्याची उडी आखूड पडते, त्याचे पाय खोल पाण्यात जातात आणि वेळही जातो.

सगळ्या मिळून ३५ उड्या झाल्या. पळता पळता दम राखायचा, पाऊल मोजायचे आणि शेजारच्याचा धक्काही सांभाळायचा. बैल भरल्या गाडीने चढण चढतो तेव्हा सुरुवातीलाच जोर संपवत नाही. तशीच ही गोष्ट आहे. पहिल्या फेरीत जो सगळा जोर लावतो, तो शेवटच्या फेरीत मागे पडतो.

४. वीस सेकंदांना सहा वर्षे

या शर्यतीत भारताचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. विक्रम म्हणजे आतापर्यंतची सगळ्यांत चांगली वेळ. १९८१ साली त्यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत शर्यत संपवली होती. ३७ वर्षे तो विक्रम कोणाला मोडता आला नाही.

२०१८ साली ओडिशातल्या भुवनेश्वर शहरी अविनाशने तो मोडला. त्याची वेळ होती ८ मिनिटे २९.८० सेकंद. वजाबाकी करा. फरक येतो १.०८ सेकंदाचा. एवढ्याशा फरकासाठी देशाला ३७ वर्षे थांबावे लागले.

पुढे त्याने स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. २०२४ च्या जुलै महिन्यात पॅरिस शहरी त्याची वेळ झाली ८ मिनिटे ०९.९१ सेकंद.

आता मोठी वजाबाकी. २९.८० मधून ९.९१ वजा केले, तर उरतात १९.८९. म्हणजे जवळजवळ २० सेकंद. हे २० सेकंद कमी करायला त्याला ६ वर्षे लागली. वर्षाला सरासरी ३ सेकंद आणि थोडे वर. रोज सकाळ-संध्याकाळ घाम गाळायचा आणि वर्षाच्या शेवटी पदरात ३ सेकंद.

शेतकऱ्याला हे समजायला कठीण नाही. खडकाळ वावर एका वर्षात काळे होत नाही. दरवर्षी थोडे शेणखत टाकावे, थोडे दगड वेचावे, बांध घालावा, तेव्हा दहा वर्षांनी लोक म्हणतात, "वावर मोठे चांगले आहे जी." पळणाऱ्याचे शरीरही तसेच हळूहळू तयार होते.

५. एक फुटाची गोष्ट

मंडळी, घड्याळातला सेकंद आपल्याला माहीत आहे. पण शर्यतीत सेकंदाचेही १०० भाग करतात. ११.२० असे लिहिले की वाचायचे, अकरा सेकंद आणि वर शंभरातले वीस भाग.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरी राष्ट्रकुलाच्या स्पर्धा झाल्या. अडथळ्यांच्या शर्यतीत केनिया या देशाचे लोक फार पटाईत. १९९८ ते २०१८ पर्यंत अशा ६ स्पर्धा झाल्या आणि सहाही वेळा या शर्यतीतली पहिली तिन्ही पदके केनियानेच नेली. दुसऱ्या कोणाला एकही नाही.

या खेपेस अविनाश त्यांच्यात घुसला. शेवटची पाण्याची उडी झाली. पुढे केनियाचा अब्राहम किबिवोट आणि मागे अविनाश. अविनाश अंतर कापत आला. दोघे जवळजवळ बरोबर रेषेवर पोचले.

किबिवोट : ८ मिनिटे ११.१५ सेकंद.
अविनाश : ८ मिनिटे ११.२० सेकंद.

फरक ०.०५ सेकंदाचा. शंभरातले पाच भाग, म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. हे धावपटू एका सेकंदात सुमारे २० फूट जातात. २० फुटांचा विसावा हिस्सा किती? १ फूट. तीन किलोमीटर पळून, पस्तीस उड्या मारून, सोने आणि चांदी यांत फरक राहिला एका फुटाचा.

तरी चांदीचे पदक मिळाले आणि केनियाची मक्तेदारी मोडली. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधल्या हांगझोऊ शहरी आशियाई स्पर्धेत त्याने सोने मिळवले. वेळ ८ मिनिटे १९.५० सेकंद. या शर्यतीत आशियाई स्पर्धेचे सोने मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तो शेवटच्या फेरीत पोचला आणि अकरावा आला. या शर्यतीत ऑलिंपिकच्या शेवटच्या फेरीत पोचणाराही तो पहिला भारतीय पुरुष.

६. न दिसणारे काम

शर्यत सव्वाआठ मिनिटांत संपते. लोक तेवढीच पाहतात. बाकीचे काम कोणाला दिसत नाही.

लांब पल्ल्याचा धंदेवाईक धावपटू आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर पळतो, काही जण त्याहूनही जास्त. यातले बहुतेक पळणे सावकाश असते. गप्पा मारता येतील इतके सावकाश. आठवड्यातून दोन-तीन दिवसच जोराचे. हे ऐकून आपल्या पोरांना नवल वाटेल. ती रोज जीव तोडून पळतात आणि पंधरा दिवसांत नळी धरून बसतात. सावकाश पळण्याने हृदय मोठा ठोका मारू लागते आणि स्नायूंना रक्त जास्त पोचते. घाईने हे होत नाही.

उंच डोंगरावर हवा विरळ असते. तिथे काही आठवडे राहून सराव केला की रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. त्या पेशी प्राणवायू वाहून नेतात. म्हणून अविनाशने उटीच्या डोंगरात सराव केला आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरातही केला.

खाणे वेळेवर लागते. भाकरी, भात, डाळ, भाजी, दूध, अंडी, ज्याला जे चालते ते. झोपही भरपूर लागते. दिवसभर वावरात राबून रात्री जागरण करणाऱ्याला मोठा धावपटू होणे फार कठीण, कारण शरीराची झीज झोपेत भरून निघते. लग्नकार्ये, जत्रा, सणावाराचे पंगतीतले जेवण यांनाही पुष्कळदा मुकावे लागते. महिनोन् महिने घर दिसत नाही.

आणखी एक. ताकद वाढवण्यासाठी काही लोक बंदी असलेली औषधे घेतात, सुया टोचून घेतात. खेळाडूची तपासणी अचानक होते. सापडला की पदक जाते, नाव जाते आणि काही वर्षे खेळणे बंद होते. शरीराचे नुकसान होते ते वेगळेच. कोणी पोराला अशी सुई देऊ करील, तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

७. पडण्याचा हिशेब

पदके आम्ही सांगितली. आता पडणेही सांगितले पाहिजे.

२०१८ साली घोट्याच्या दुखण्याने अविनाशला आशियाई स्पर्धेला मुकावे लागले. २०१९ साली कतारमधल्या दोहा शहरी जागतिक स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडण्यात तो अडकला आणि मागे पडला. भारतातर्फे तक्रार केली गेली. पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला शेवटच्या फेरीत जागा दिली. तिथे त्याने पुन्हा नवा विक्रम केला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, विक्रम करूनही तो शेवटच्या फेरीत पोचला नाही.

२०२२ च्या जुलैत अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेत तो अकरावा आला. तीन आठवडेही झाले नव्हते, तोच बर्मिंगहॅमला चांदी मिळाली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद झाला. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी हांगझोऊचे सोने मिळाले. हरलेल्या दिवशी त्याने शर्यत सोडली असती, तर?

मात्र प्रत्येक पडण्यातून लगेच उठता येत नाही. २०२५ च्या मे महिन्यात कोरियातल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने सोने जिंकले. जुलैत मोनाको शहरी पाण्याच्या उडीपाशी तो पडला. गुडघ्याला जबर दुखापत झाली. गुडघ्यात हाडांना बांधून ठेवणारी शीर असते, ती फाटली. शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

सुताराचा करवत तुटला तर तो नवा आणतो. पळणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचेच पाय. ते बाजारात मिळत नाहीत. म्हणून या धंद्यात कमाईची वर्षे थोडी. बहुतेकांची दहा-पंधरा वर्षे, आणि तीही पाय धड राहिले तर.

८. लेकींचे पळणे

हे फक्त पोरांचे काम नाही बरे का!

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावर कविता राऊत वाढली. लांबून पाणी आणणे, डोंगरवाटा तुडवणे हे रोजचे. शाळेच्या शर्यतीत ती अनवाणी पळे. नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांनी तिला घडवले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर पळून कांस्यपदक मिळवले. कांस्य म्हणजे तिसरा नंबर. १९५८ साली मिल्खासिंग यांनी सोने मिळवले होते. त्यानंतर ५२ वर्षांनी राष्ट्रकुलात पळण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारताला हे पदक मिळाले. त्याच वर्षी चीनमधल्या आशियाई स्पर्धेत तिने चांदीही मिळवली. लोक तिला सावरपाडा एक्स्प्रेस म्हणू लागले.

सातारा जिल्ह्यातला माण तालुका कायमचा दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर. तिने आधी मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिला नंबर मिळवला. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटरांची शर्यत. नागपूर ते वर्धा पाऊणशे किलोमीटर धरले, तर निम्म्याहून जास्त वाट. मग ती अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये शेवटच्या फेरीत पोचून दहावी आली.

लेकींच्या बाबतीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. अंगात रक्त कमी असेल तर पळताना धाप लागते, चक्कर येते. तेव्हा पळायला लावण्याआधी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. पोरगी पळते म्हणून तिच्या ताटात कमी वाढू नये. भावाइतकेच वाढावे.

९. मग पोट भरते का?

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ.

शंभर वर्षांपूर्वी पळून पोट भरत नव्हते. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. भारतातून गेलेल्या पहिल्या धावपटूंपैकी ते एक. पण त्या काळी पळण्याचे पैसे घेणाऱ्याला ऑलिंपिकमध्ये उतरूच देत नसत. पळणे हा मान होता, धंदा नव्हता.

आज पैसे घेण्याला बंदी नाही. मोठ्या शर्यतींत बक्षिसे असतात. पहिल्याला जास्त, दुसऱ्याला कमी, आणि मागच्यांना काहीच नाही. पदक मिळाले तर सरकारही रक्कम देते. पण बक्षीस हे पावसासारखे असते. आले तर आले. त्याच्या भरवशावर घर चालत नाही.

घर चालते ते नोकरीवर. नीट पाहा. अविनाशला फौजेची नोकरी होती. कविताला तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळात नोकरी मिळाली. ललिताला आधी रेल्वेत नोकरी मिळाली आणि पुढे राज्य सरकारने तिला महसूल खात्यात अधिकारी नेमले. तिघांचेही पाय वेगवान. तरी महिन्याचा पगार नोकरीने दिला. आणि नोकरीला शाळेचा दाखला लागतो. आता ती बारावी आठवा. अविनाश बारावीच्या आधी शाळा सोडून वीटभट्टीवर गेला असता, तर फौजेचे दार त्याला कदाचित उघडले नसते. मग हा पाठही लिहिला गेला नसता.

आपल्याकडच्या पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळावे लागते. पण भरती नुसत्या पळण्यावर होत नाही. लेखी परीक्षाही असते. पळण्यात पहिला आणि लेखी परीक्षेत नापास, अशाला घरी परत यावे लागते.

तेव्हा उत्तर असे : पळून पोट भरते, पण थोड्यांचे. जगात नाव होते ते लाखात एकाचे. नोकरी लागते ती काहींना. बाकीच्यांना लागत नाही, हेही खरे. मात्र शिस्त, धड शरीर आणि व्यसनापासून दूर राहिलेली चार वर्षे एवढे तर प्रत्येकाला मिळते. शिक्षण चालू ठेवून जो पळतो, तो हरला तरी रिकाम्या हाताने परतत नाही. शिक्षण सोडून जो पळतो, त्याने सगळे बियाणे एकाच तासात पेरल्यासारखे होते.

१०. वर्गात काय झाले

हा पाठ छापण्याआधी आम्ही वडनेरच्या वर्गात वाचून दाखवला. त्या रात्री मावशींनी आपल्या घरधन्यालाही सोबत आणले होते. ते दाराशी उभे राहूनच ऐकत होते.

पाठ संपला. मावशी म्हणाल्या, "म्हणजे भरते बी अन् नाही बी."

आम्ही म्हणालो, "होय मावशी. खोटे कसे सांगावे?"

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांचे घरधनी म्हणाले, "त्या पोराचे आईबाप वीटभट्टीवर होते म्हणता. त्याईनं त्याले भट्टीवर नाही ओढला. शाळेत पाठवला."

"होय."

"अन् एक फुटानं सोनं गेलं."

"होय."

ते काहीच न बोलता बाहेर गेले.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा वडनेरला गेलो. मावशींनी पिशवीतून एक वही काढून दाखवली. पहिल्या पानावर त्यांनी स्वतः आडव्या रेघा मारल्या होत्या. डाव्या बाजूला तारीख आणि उजव्या बाजूला मिनिटे व सेकंद. अक्षर मोठे आणि थोडे वाकडे, पण आकडे सगळे बरोबर.

"त्याचा बाप घड्याळ घेऊन उभा राहते," मावशी म्हणाल्या. "मी लिहितो. मोठ्या रस्त्यानं पळणं बंद केलं, ट्रकांचं भेव. आता पांदणीनं पळते. रोज सकाळी पळणं, तासभर बापासंग वावरात काम, अन् रात्री अभ्यास. बारावीचे पेपर होईस्तोवर हेच ठरलं. पुढचं पुढं."

आम्ही वही वाचली. आठ दिवसांत वेळ फक्त २ सेकंदांनी कमी झाली होती. एक दिवस तर वाढलीच होती. आम्ही ते दाखवले.

मावशी म्हणाल्या, "राहू द्या जी. हिशेब लिहिलेला आहे न, आता समजते तरी."

वाचा, विचार करा, लिहा

१. अविनाश साबळे फौजेत केव्हा भरती झाला? त्याला शाळेचा काय उपयोग झाला?

२. ८ मिनिटे ११.१५ सेकंद आणि ८ मिनिटे ११.२० सेकंद यांत कोणती वेळ चांगली? का?

३. गावातल्या एका मुलाने १६०० मीटर अंतर पहिल्या महिन्यात ६ मिनिटे ४० सेकंदांत आणि चौथ्या महिन्यात ६ मिनिटे १० सेकंदांत कापले. त्याची वेळ किती सेकंदांनी सुधारली?

४. तुमच्या घरी किंवा शेजारी पळणारा मुलगा किंवा मुलगी आहे का? त्यांना विचारून एका आठवड्याची वेळ वहीत लिहा. सोबत त्या दिवशी झोप किती तास झाली, तेही लिहा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा.

५. मावशींच्या जागी तुम्ही असता, तर काय ठरवले असते? चार ओळी लिहा.